जुलैनंतर थेट फेब्रुवारी? शरदातल्या आयर्लंडविषयी

लीकाठची: गेल्या आठवड्यात एका सदस्याने येथे लिहिले की, जुलैमध्ये गॉलवेचा फिल्म फ्ला, म्हणजे तेथील चित्रपट महोत्सव, आटोपला की फेब्रुवारीत डब्लिनचा महोत्सव येईपर्यंत आयर्लंडमधील सिनेरसिकाने स्वस्थ बसावे, कारण शरदात येथे महागडी कालवे (ऑयस्टर) आणि अंधार यांपलीकडे काही नसते. हे वाचून मला गप्प राहवले नाही. कॉर्कचा महोत्सव १९५६ पासून चालत आला आहे, हल्ली तो नोव्हेंबरात होतो आणि तेथील लघुपटांचे सर्वोच्च पारितोषिक मिळवणारी कृती ऑस्करच्या स्पर्धेसाठी पात्र ठरते. ऑक्टोबरात किलार्नीला केरीचा महोत्सव असतो, शिवाय कॉर्कमध्येच २०१३ साली खास स्वतंत्र चित्रपटांसाठी इंडीकॉर्क सुरू झाला. कॉर्कच्या ट्रिस्केल कलाकेंद्रात, म्हणजे एके काळच्या चर्चमध्ये, लाकडी बाकांवर बसून नवख्या दिग्दर्शकाचा लघुपट पाहणे आणि तो संपल्यावर त्यालाच प्रश्न विचारणे, यासाठी मी सप्टेंबरपासून डोळे लावून बसते. त्याच दिवसांत डिंगलचा खाद्यमहोत्सव येतो, आणि हॅलोविनच्या सुमारास अंगठी दडवलेला बार्मब्रॅक हा मनुकांचा गोडसर पाव घरोघरी कापला जातो.

डब्लिनचा_दर्दी: ते विधान माझे होते आणि मी त्यावर ठाम आहे. २०२४ मध्ये ‘नीकॅप’ या आयरिश चित्रपटाने गॉलवेच्या फ्लाचे उद्घाटन झाले आणि ऑगस्टमध्ये तो चित्रपटगृहांत लागलाही. निर्माते आणि पैसा पुरवणारे लोक जुलैत गॉलवेला जमतात, तेव्हा नवे आयरिश चित्रपट आधी तेथेच जाणार. राहिला प्रश्न कालवांचा. गॉलवेचा कालव महोत्सव १९५४ साली पर्यटनाचा हंगाम लांबवण्यासाठीच सुरू झाला आणि आजही त्या महोत्सवाच्या तंबूत सामान्य माणसाला परवडेल असे फारसे काही नसते.

मालवणकर_गॉलवे: चित्रपटांचे तुम्ही दोघे पाहून घ्या, पण कालवांविषयी असे बोललेले मी ऐकून घेणार नाही. माझी आजी ओहोटीला खडकांवर बसून कालवे फोडायची. त्या कामात बोटे कशी सोलवटतात हे मी पाहिले आहे. येथील देशी चपटे कालव वाढायला चार-पाच वर्षे लागतात, ते समुद्रतळावरून काढावे लागते आणि प्रजननाच्या काळात, म्हणजे उन्हाळ्यात, त्याला हात लावत नाहीत. वर्षभर मिळतात ती पिशव्यांत वाढवलेली पॅसिफिक कालवे. हा फरक ज्याला ठाऊक नाही, त्याने किमतीवर बोलू नये.

स्वयंपाकघर_लिमरिक: हंगामाचा एवढा अभिमान असेल तर दुसरी बाजूही सांगा. सप्टेंबर ते एप्रिल कालवे निर्धास्त खावीत, या समजुतीपायी एका हॉटेलात कच्ची कालवे खाऊन माझे यजमान तीन दिवस अंथरुणाला खिळले होते. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसचा जोर थंडीतच असतो, आणि कालवे स्वच्छ पाण्याच्या टाक्यांत ठेवली तरी तो पूर्णपणे जात नाही. आपल्याकडे कालवांचे सुके करतात, ते काही उगाच नाही.

मालवणकर_गॉलवे: एका हॉटेलच्या हलगर्जीचे खापर तुम्ही अख्ख्या उपसागरावर फोडत आहात. ज्या पाण्यातून कालवे काढतात, त्याची प्रतवारी ठरलेली असते. ‘ब’ वर्गातील, म्हणजे कमी स्वच्छ पाण्यातली, कालवे शुद्धीकरणाशिवाय कच्ची खाण्यासाठी विकताच येत नाहीत.

स्वयंपाकघर_लिमरिक: प्रतवारी मुख्यतः जिवाणूंवरून ठरते आणि मी विषाणूविषयी बोलत आहे. आजारी माणसाचे मी केले आहे, मला नियम शिकवू नका.

मालवणकर_गॉलवे: विषाणूचा मुद्दा मान्य करावा लागेल. तरीही लिंबू पिळलेले कच्चे कालव आणि सोबत लोणी लावलेला ब्राउन ब्रेड मी सोडणार नाही.

लीकाठची: कृपया मूळ विषयावर या. दर्दींना माझा एकच प्रश्न आहे: ज्या दिग्दर्शकाकडे वितरक नाही आणि ज्याची कृती पंधरा मिनिटांची आहे, त्याने ती मोठ्या पडद्यावर दाखवायची कुठे?

डब्लिनचा_दर्दी: लघुपटांपुरते कॉर्कचे महत्त्व मी नाइलाजाने मान्य करतो. पूर्ण लांबीच्या आयरिश चित्रपटांबाबत माझे मत कायम आहे. नोव्हेंबरची कार्यक्रमपत्रिका आली की येथे टाका. त्यात मी न पाहिलेले दोन आयरिश चित्रपट निघाले, तर मी कॉर्कला येईन.