दार लावून घेतल्याने माणसे यायची थांबतात का?

उंबरठा:
माणसे आपला मुलूख का सोडतात, या प्रश्नाला ‘गरिबीमुळे’ असे एका शब्दात उत्तर देण्याची आपल्याला सवय आहे. ते चूक नाही, पण अपुरे आहे, कारण सर्वांत गरीब माणूस सहसा जागचा हलतच नाही. वाटखर्च, कागदपत्रे, दलालाचे पैसे आणि पलीकडे ओळखीचे कोणीतरी, एवढे जमल्याखेरीज परमुलखात पाऊल टाकता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार मूळ देशाबाहेर राहणारे लोक सुमारे ३०.४ कोटी, म्हणजे जगाच्या लोकसंख्येच्या ३.७ टक्के आहेत. उरलेले ९६ टक्के आपापल्या देशातच आहेत, ही साधी गोष्ट गदारोळात हरवून जाते.

दार लावले की येणारे थांबतात, हा समज तपासून पाहावा, एवढेच मला मांडायचे आहे. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये तुर्कस्तानाशी करार करून ‘पाहुणे कामगार’ बोलावले. काही वर्षे राबून ते परत जातील असे दोन्ही बाजूंनी धरून चालले होते, आणि बरेचसे जातही होते. १९७३ मध्ये भरती बंद झाली. आता गेलो तर पुन्हा येता येणार नाही हे उमगताच, जे येऊन-जाऊन होते त्यांनी मुक्काम ठोकला आणि बायकामुलांना बोलावून घेतले. पाहुण्यांचे रहिवासी झाले, पण कायदा त्यांना पाहुणेच समजत राहिला. परदेशी आईबापांच्या तिथे जन्मलेल्या मुलांना काही अटींवर जन्मानेच नागरिकत्व मिळू लागले ते २००० साली.

साक्षेपी:
आपले उदाहरण पटले, निष्कर्ष पटला नाही. अर्धवट लावलेले दार कुचकामी ठरते, इतकेच त्यातून निघते. कोणाला आणि किती जणांना आत घ्यायचे हे ठरवण्याचा घरच्यांचा हक्क त्याने जात नाही.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. स्थलांतराचा लाभ आणि त्याचा भार एकाच्याच पदरात पडत नाही. कारखानदाराला कमी मजुरीत माणूस मिळतो, सुखवस्तू घराला मोलकरीण मिळते. नवी कुटुंबे मात्र स्वस्त भाड्याच्या वस्तीत उतरतात आणि वर्गातली, दवाखान्यातली गर्दी तिथल्या जुन्या रहिवाशांच्या वाट्याला येते. त्यांनी तक्रार केली की त्यांना संकुचित ठरवणारे बहुधा त्या वस्तीत राहत नसतात.

१९८० मध्ये क्यूबाच्या मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख माणसे काही महिन्यांत अमेरिकेत आली आणि मायामीतील कामकरी लोकांची संख्या सुमारे ७ टक्क्यांनी वाढली. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये दाखवले, की स्थानिकांच्या मजुरीवर याचा म्हणण्याजोगा परिणाम झाला नाही. पुढे जॉर्ज बोर्हास यांनी शालेय शिक्षणही पुरे न झालेल्या पुरुषांचेच वेतन वेगळे काढून पाहिले, तेव्हा मोठी घसरण दिसली. सरासरीच्या आड कोण दडले आहे, हे पाहायला नको का?

उंबरठा:
पाहायला हवेच. पण बोर्हास यांनी निवडलेला नमुना फार लहान होता आणि नेमक्या त्याच वर्षांत त्याची घडण बदलली होती, हा त्यावरचा आक्षेपही सांगायला हवा होता. उलट बाजूचा दाखला घ्या. अमेरिकेने १९४२ पासून चालवलेली मेक्सिकन शेतमजुरांची ब्रासेरो योजना १९६४ मध्ये गुंडाळली, ती स्थानिक मजुरांची मजुरी वाढावी म्हणूनच. मजुरी लक्षात येईल इतकी वाढलीच नाही. बागायतदारांनी टोमॅटो तोडणारी यंत्रे आणली, आणि जिथे यंत्र चालत नव्हते तिथे काहींनी पीकच कमी केले.

परतलेला:
दोघांनाही एक विचारतो. मजुरी पडते ती माणूस परका असल्यामुळे, की त्याला काम सोडता येत नाही म्हणून?

मी सहा वर्षे परदेशात बांधकामावर मोजमापाचे काम केले. आमच्या खोलीत बारा खाटा होत्या आणि माणसे चोवीस. दिवसपाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा त्याच खाटेवर आडवा होई, त्यामुळे अंथरूण कधी गार झालेले मला आठवत नाही. पासपोर्ट ठेकेदाराच्या कपाटात, परवाना त्या एकाच मालकाच्या नावाचा; नोकरी सोडली की त्याच क्षणी माणूस बेकायदा. पहिले दीड वर्ष दलालाचे कर्ज फेडण्यात गेले. अशा माणसाला निम्म्या मजुरीवर राबवता येते, आणि मग शेजारच्या स्थानिक मजुराला कोण विचारणार? परवाना मालकाशी न बांधता कामगाराच्या हाती द्यावा, म्हणजे साक्षेपी ज्यांची काळजी करतात त्यांचीही मजुरी सावरेल. मी हे दयेपोटी मागत नाही, हिशेबापोटी मागतो आहे.

तळटीप:
सगळी चर्चा मजुरीभोवती फिरते आहे, म्हणून थोडे विषयाच्या कडेने. युद्धाने किंवा छळाने हुसकावलेले लोक २०२४ अखेर १२ कोटींहून अधिक होते आणि त्यांतील बहुसंख्यांनी देशाची सीमा ओलांडलेलीच नव्हती. जे ओलांडतात, तेही बहुतेक शेजारच्याच देशात थांबतात. १९५१ चा निर्वासितविषयक करार अशांसाठी आहे. त्यांना आणि रोजगारासाठी जाणाऱ्यांना एकाच मापाने मोजले, की दोघांवरही अन्याय होतो. कोलंबियाने २०२१ मध्ये व्हेनेझुएलातून आलेल्या लाखो लोकांना दहा वर्षांचे संरक्षण आणि कामाची मुभा दिली, तीही स्वतःची तिजोरी भरलेली नसताना.

साक्षेपी:
परतलेला, आपला मुद्दा मला मान्य आहे आणि तो मी आधी विचारात घेतला नव्हता, हेही कबूल करतो. मात्र परवाना सुटा केल्याने वर्गातली गर्दी कमी होत नाही. येणाऱ्यांनी भरलेला कर सरकारच्या तिजोरीत जातो आणि शाळेची खोली बांधायची वेळ येते नगरपालिकेवर. ज्या भागात माणसे उतरतात त्या भागाला त्या प्रमाणात पैसा मिळेल, अशी तरतूद कायद्यातच हवी.

तळटीप यांना एवढेच, की युगांडाचेही नाव असेच कौतुकाने घेतले जाते. त्या देशाने निर्वासितांना काम करण्याचा हक्क दिला, कसायला जमिनीचा तुकडाही दिला. पण येणारे वाढत गेले तसे ते तुकडे लहान होत गेले, बाहेरची मदत आटू लागल्यावर शिधाही कमी झाला, आणि ज्या गावांनी जमीन दिली ती गावे आधीपासूनच गरीब होती.