अनुभव धागा: 'द विकर मॅन' पाहताना तुम्हाला कुठे धस्स झालं?

रॉबिन हार्डीचा 'द विकर मॅन' (१९७३) परवा तिसऱ्यांदा पाहिला. भूत नाही, काळोख नाही. भरदिवसा गाणारं बेटावरचं गाव, आणि हरवलेली मुलगी शोधायला आलेला सार्जंट हाउई. तरी पोटात गोळा आलाच. आपल्या खान्देशातल्या मंडळींनी अनुभव लिहा. शेवट उघड होईल, न पाहिलेल्यांनी इथेच थांबावं.

रावेरहून:
पबच्या भिंतीवर दरवर्षीच्या सुगीचे फोटो, त्यात एकाच वर्षाचा नाही. आमची घड लागलेली केळीबाग वादळात एका तासात आडवी झाली होती; त्या रात्री वडील जेवले नाहीत. आईला इंग्रजी कळत नाही, पण ती रिकामी जागा बघून म्हणाली, "यासनं पीक बुडनं का रे?" हाउईच्या आधी तिने ओळखलं.

धडगावहून:
हॉस्टेलवर हा सिनेमा पाहून एक मित्र म्हणाला, "तुमच्या होळीसारखंच!" फार लागलं मला ते. काठी गावच्या आदिवासी राजवाडी होळीत रात्रभर ढोल वाजतात, पहाटे उंच बांबू पेटतो. बावा-बुध्या, म्हणजे अंग रंगवून नाचणारे नवसकरी, आपल्या नवसाने पाळणूक म्हणजे व्रताचे नियम पाळतात. कुणी मालक सांगतो म्हणून नाही. सिनेमात बेटाचा मालक लॉर्ड समरआइल याचा आजा १८६८ साली बेट विकत घेतो, सफरचंदाच्या नव्या जाती लावतो आणि लोकांनी उमेदीने राबावं म्हणून जुने देव परत आणतो. मला भीती वाटली ती देवांची नाही, त्या जमीनदाराची. पीक बुडाल्यावरही देवांना बळी द्यायला परकाच माणूस, म्हणजे हाउई, शोधला जातो. "पुढच्या वर्षी तुझी पाळी," असं हाउई लॉर्डला बजावतो तेव्हा मी उठून बसलो.

जळगावहून:
गोष्ट मे महिन्याची, चित्रीकरण १९७२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, स्कॉटलंडच्या थंडीत. झाडांना खोटा मोहोर लावला, तोंडातली वाफ दिसू नये म्हणून नटांनी बर्फ चघळला. लॉर्ड झालेल्या क्रिस्टोफर लीने मानधनही घेतलं नाही. हे कळल्यापासून त्या वसंतातला गारठा मला दिसतोच.

धुळ्याहून:
लग्नानंतरची पहिली कानबाई, खान्देशातला श्रावणातला देवीचा उत्सव. मी पुण्याची. विसर्जनाला निघालो तर अख्खी गल्ली गातेय, मला एक ओळ येईना. सासूबाईंनी हात धरून मला बायकांमध्ये ओढलं, "म्हण माझ्यामागे" म्हणाल्या. शेवटच्या प्रसंगात गाव हातात हात गुंफून डोलत गातं, आणि पेटवलेल्या वेताच्या पुतळ्यात, म्हणजे 'विकर मॅन'मध्ये, कोंडलेला हाउई एकटाच आपलं स्तोत्र म्हणत राहतो. तिथे मला सासूबाईंचा हात आठवला, आणि पुढचं नीट बघवलं नाही.