विश्रामबागेत मुलीसाठी खोली बघतोय, वस्ती कशी आहे?

उदगीरची आई
नमस्कार. लेकीला वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला कॉम्प्युटरला प्रवेश मिळालाय. हॉस्टेलचं नक्की नाही, म्हणून रविवारी सांगलीत विश्रामबागेत खोल्या बघितल्या. दोन ठिकाणी सगळं ठरलं, ॲडव्हान्स काढला, मग आडनाव विचारलं आणि "खोली कालच गेली" म्हणाले. आम्ही शेख. परतीच्या गाडीत लेक एक शब्द बोलली नाही. चार वर्षं तिथं रमेल का ती? तिथल्याच कुणीतरी सांगा.

खानावळवाली काकू
ताई, वाचून जीव तुटला. मी १९९८ पासून विश्रामबागेत खानावळ चालवते. माहेर अथणी, घरात कन्नड. लग्न होऊन आले तेव्हा दुकानात सामान मागायचीसुद्धा भीती वाटायची.

ज्यांनी खोली नाकारली, त्यांचीही घरं मूळची इथली नसणार. जुनी सांगली कृष्णेकाठी, गावभागात. विश्रामबाग वाढली ती मिरज रस्त्याला कॉलेजं आली म्हणून. विलिंग्डन १९१९ चं, वालचंद १९४७ चं. विलिंग्डनला विजापूर-बेळगावकडची पोरं शिकायला यायची, कन्नडचे मोठे कवी वि. कृ. गोकाक तिथं शिकवायचे. माझे आजोबा तिथलेच विद्यार्थी. पुढं कुपवाड एमआयडीसीत बिहार-यूपीचे कामगार आले, मिरजेच्या दवाखान्यांत केरळच्या नर्स आल्या. हळदीच्या पेठेतले गुजराती-मारवाडी तर कितीतरी आधीचे.

माझ्याकडे चाळीस मेंबर आहेत. रोज कडक भाकरी आणि शेंगाचटणी. नागपूरकडची पोरं पहिल्या आठवड्यात विचारतात, "काकू, हा पापड आहे का?" दिवाळीला घरी जाताना तीच पोरं भाकऱ्यांची चवड बांधून मागतात. रमजानात सहरीचे डबे मी रात्रीच भरून ठेवते आणि दुपारचा खाडा धरते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, गावभाग बुडाला. आमच्या हॉलमध्ये तीन कुटुंबं नऊ दिवस होती. गावाला न गेलेले मेंबर परातीपाशी बसले. त्यात परभणीचा एक मुसलमान घरातला मुलगा, आईच्या हाताखाली शिकलेला, भाकरी अशी थापायचा की कडेला चीर नाही. कधी बाहेरचं पाणी न प्यालेल्या एक आजी त्याच्या हातची भाकरी मागून खायच्या.

पण नाकारणारे आहेत, खोटं सांगणार नाही. चीड येते मला त्यांची. म्हणून एक करा, फोनवरच आडनाव सांगा. नाही म्हणणारे तिथंच कळतील, लेकीला उंबऱ्यावरून परत फिरायला नको. आमच्या गल्लीत एक निवृत्त बाई दोन खोल्या मुलींना देतात. मी आजच बोलते.

वालचंद २०१८
काकू म्हणतात ते फोनचं अगदी खरं. मी कांबळे, तीन दारांतून परत आलो होतो. चौथ्या घरात चार वर्षं काढली, माझ्या लग्नात मालकांनी अक्षता वाटल्या. हॉस्टेलचा अर्ज मात्र मागे घेऊ नका. आणि खोली कॉलेजपासून चालत जाता येईल अशीच बघा, प्रॅक्टिकलला उशीर झाला की संध्याकाळी वडापची, म्हणजे शेअर गाडीची, वाट बघत बसावं लागतं.

उदगीरची आई
काकू, लेकीला सगळं वाचून दाखवलं. तिनं एवढंच विचारलं, कडक भाकरी कशाबरोबर खातात. शनिवारी येतो आम्ही.

खानावळवाली काकू
घट्ट दही आणि शेंगाचटणी. बाराच्या आत पोचा, जेवून मग खोली बघायला जाऊ. बाई हो म्हणाल्यात.