वेतोबाच्या वहाणा आणि माझी रहस्यकथा: उकल कुठपर्यंत करावी?

शिरोड्याची नात:
मंडळी, दोन वर्षं एक रहस्यकादंबरी लिहितेय आणि शेवटच्या तीन प्रकरणांपाशी अडलेय.

माझं आजोळ सिंधुदुर्गातल्या शिरोड्याचं. शेजारच्या आरवलीच्या वेतोबाला नवस फेडताना केळ्यांचा घड आणि चामड्याच्या वहाणा वाहतात. देव रात्रभर गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा. मी सात वर्षांची असताना आजीने मला त्या जोडांपुढे उभं केलं. माझ्या हाताएवढ्या लांब वहाणा! एकीची टाच एका बाजूने उतरलेली होती. आजी एवढंच म्हणाली, "बघ, काल लांब जाऊन इलो." कादंबरी तिथूनच सुरू झाली.

माझं गाव काल्पनिक आहे, देव तसाच राखणदार. ऐन आषाढात देवराईच्या कडेला एक बागायतदार मेलेला सापडतो, भोवती चिखलात भल्यामोठ्या वहाणांचे ठसे. राखणदार कोपला, असं गाव म्हणतं. शोध घेतो तो देवाच्या वहाणा शिवणारा म्हातारा कारागीर. देवळातला एक जोड उचलून तो आत बघतो, तर घामाचा काळा ठसा अर्ध्यावरच संपलेला. म्हणजे लहान पायाचा कुणीतरी हा जोड घालून चाललाय. शिवाय टाक्यांमध्ये मिठाचा पांढरा फुलोरा. म्हणजे तो माणूस मिठागरातून आलाय.

अडचण पुढे आहे. माझ्या पुण्यातल्या मैत्रिणीचं म्हणणं, शेवटी अंधश्रद्धेचा फुगा फोडून टाक. माझा हात धजत नाही. पण खून देवाच्या नावावर ठेवून मोकळं होणं ही वाचकाची फसवणूक. तुम्ही काय कराल?

माडाखाली:
खुनी माणूसच हवा, त्यात दुमत नको. पण तुमच्या गावाने "राखणदार कोपला" इतक्या पटकन म्हणणं मला खटकलं. आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणतील, "राखणदार वाट चुकलेल्याक घराक पोचयता, तो असो कोणाक मारूचो नाय." चूक झाली तर देव आधी सूचना देतो, गाऱ्हाणं घालायला वेळ देतो. हे ज्याला माहीत नाही त्यानेच हा बनाव रचला, असं दाखवा. म्हणजे लोकश्रद्धाच पुरावा होईल, आणि फुगा फोडायचा प्रश्नच उरणार नाही.

कौलाचा, म्हणजे देवाला प्रश्न विचारून उत्तर घेण्याचा, प्रसंग जरूर घ्या. मूर्तीला लावलेल्या ओल्या पाकळ्या, सगळ्यांची नजर उजवी पडते की डावी याकडे, आणि "व्हय महाराजा" म्हणणारा आवाज हळूहळू बारीक होत गेलेला. एक विनंती, गुरवाला खलनायक करू नका. फार वेळा झालंय ते.

निवृत्त ठाणे अंमलदार:
ताई, मिठाची खूण उत्तम आहे, पण आषाढात ती टिकणार नाही. मीठ पाण्यात विरघळतं. मिठागरं चालतात उन्हाळ्यात, पहिल्या मोठ्या पावसाला काम बंद. खून वैशाखात घ्या. मग चिखल मिळणार नाही, पण जांभ्याची तांबडी धूळ मिळेल, तीत ठसा छान उमटतो.

दुसरं, 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात दक्षता अधिकारी नेमायची तरतूद आहे, आणि तो पोलीस निरीक्षकाच्या दर्जाखालचा चालत नाही. कोपाची आवई उठवून कुणी गावाला धाकात ठेवत असेल, तर त्या अधिकाऱ्याला कथेत आणता येईल. म्हाताऱ्याला बोलायला एक ऐकणारा माणूस मिळेल. मी नोकरीत होतो तेव्हा असे कारागीर आम्हाला पंचनाम्यात बरंच शिकवून जायचे. आम्ही वहाणेचा फक्त तळ बघायचो.

काणकोणकर:
आमच्या गोव्यातल्या लोलयेला बेताळ आहे, वेतोबासारखंच वेताळाचं रूप, त्यामुळे वाचताना अंगावर काटा आला. वेताळ पंचविशीतला वेताळ आठवा. तो प्रत्येक गोष्टीअखेर राजाला प्रश्न विचारतो, न्याय मात्र राजालाच करावा लागतो. तुमच्या राखणदारालाही तेवढंच करू द्या.

शिरोड्याची नात:
माडाखाली, तुमचं वाक्य वाचून मी उठून अंगणात फेऱ्या मारल्या. खुनी बाहेरचा नकोय मला, गावातलाच हवा. पण लहानपणीच मुंबईला गेलेला, देवाची भीती तेवढी लक्षात राहिलेला. देव काय करतो, ते त्याला कुणी सांगितलंच नाही. आता तो मला दिसायला लागलाय.

अंमलदारसाहेब, वैशाख पक्का. तुमच्यामुळे शेवटही सापडला. तो जोड मुद्देमाल म्हणून पोलिसांकडे जमा होतो, म्हणजे देव अनवाणी. म्हातारा त्याच रात्री कंदील लावून नवा जोड शिवायला बसतो. खुनी कोण ते त्याला कळलेलं आहे, तरी सकाळच्या आत जोड देवापुढे ठेवायचा म्हणून तो घाई करतोय.

एक मदत हवीय. जाड तळाचं कातडं शिवण्याआधी किती वेळ भिजवतात, हे कुणी एखाद्या कारागिराला विचारून सांगाल का?