मदत हवी आहे: किल्लारी भूकंपाबद्दलच्या १९९३ च्या ब्रिटिश फायली कशा शोधायच्या?

नमस्कार मंडळी,

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर दिल्लीतल्या ब्रिटिश उच्चायुक्तालयाने लंडनला काय कळवलं, मदतीबद्दल काय पत्रव्यवहार झाला, हे मला मूळ कागदांतून पाहायचंय. मी औशाचा, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा आहे.

ब्रिटनमध्ये सरकारी कागद ३० वर्षांनी लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जायचे. या नियमाचा आढावा घेणाऱ्या डेकर समितीने ही मुदत १५ वर्षं करा म्हटलं होतं. २०१० च्या कायद्याने ती २० वर्षांवर आली. तीही एकदम नाही. २०१३ पासून दहा वर्षं, दरवर्षी दोन वर्षांचे कागद: आधी १९८३-८४, मग १९८५-८६, शेवटी २०२२ मध्ये २००१-०२. या हिशेबाने १९९३ ची पाळी २०१८ लाच आली. टप्पे पाडले हे मला योग्यच वाटतं. कुणाची खासगी माहिती, परराष्ट्र संबंध, हे सगळं तपासूनच फाइल खुली करायची असते. दहा वर्षांचा ढीग एकदम येऊन पडला असता तर ते काम नीट झालंच नसतं.

अडलंय ते पुढे. अभिलेखागाराच्या 'डिस्कव्हरी' कॅटलॉगमध्ये मला हवी ती फाइल दिसत नाही. सरकारी कागदांबद्दलच्या १९५८ च्या ब्रिटिश कायद्याच्या (पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट) कलम ३(४) खाली खात्याने स्वतःकडे ठेवलेल्या फाइलची निदान नोंद तरी बऱ्याचदा सापडते. नोंदच नसेल तर काय समजायचं? यायची राहिली आहे, की जतनासाठी निवडलीच नाही आणि नष्ट झाली? हे बाहेरच्या माणसाला कसं कळतं?

शोधशब्द कोणते वापरू, 'लातूर', 'महाराष्ट्र' की नुसतं 'भूकंप'? परदेशी मदत तेव्हा ओव्हरसीज डेव्हलपमेंट ॲडमिनिस्ट्रेशनकडे होती. त्यांच्या 'ओडी' मालिकेतल्या फायली कुणी चाळल्या आहेत का?

तिथल्या माहिती अधिकाराखाली भारतातून ईमेलने अर्ज करता येतो आणि २० कामकाजी दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मात्र शोधाचा खर्च ६०० पौंडांवर जाणार असेल तर केंद्रीय खातं नकार देऊ शकतं. म्हणून अर्ज नेमका हवा. तारखांचा पट्टा किती ठेवावा? कुणी असा अर्ज केला असेल तर वैयक्तिक तपशील काढून त्याचा मसुदा कृपया इथे टाका. कागद हाती आले की त्यांचे फाइल क्रमांक याच धाग्यावर देईन.