बर्फातली गाडी: तुमच्यावर काय प्रसंग आला, काय शिकलात? (अनुभव धागा)

परवा पहाटे ओळखीतल्या एकाची गाडी नुसत्या ओल्या दिसणाऱ्या रस्त्यावर गर्रकन फिरली आणि आल्या दिशेला तोंड करून थांबली. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून निभावलं. दहा वर्षं गाडी चालवणारा माणूस, पण बर्फातला त्याचा हा पहिलाच हिवाळा. सूचनांच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात. मला तुमचे प्रसंग हवे आहेत: नेमकं काय घडलं आणि त्यानंतर कुठली सवय बदलली.

सुरुवात मी करतो. पहिल्या हिवाळ्यात टायरची नक्षी चांगली खोल होती, म्हणून मी टायर बदललेच नाहीत. उतारावर सिग्नलला ब्रेक दाबला. पायाखाली एबीएसची (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) थरथर जाणवत होती, पण गाडी सरकतच राहिली आणि चाक फुटपाथच्या कडेला आदळलं तेव्हा थांबली. नंतर मेकॅनिकने सांगितलं, की नेहमीच्या टायरचं रबर साधारण ७ अंशांखाली कडक व्हायला लागतं, मग नक्षी खोल असून उपयोग नसतो. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण असते, ती बघून घ्या. आणि चारही टायर बदला. फक्त पुढचे बदलले तर वळणावर गाडीचा मागचा भाग सुटतो. नक्षी ४ मिलिमीटरच्या खाली गेली की मी नवे घालतो.

* * *

आम्हाला बॅटरीने धडा दिला. रात्रभर उणे १८ होतं. सकाळी सेल्फ मारला तर नुसती टकटक. इतक्या थंडीत बॅटरीची ताकद जवळजवळ निम्मी होते आणि ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जोर मात्र जास्त लागतो. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीने जंप द्यायला, म्हणजे गाडी चालू करायला, मी लगेच केबल काढल्या, तर शेजारच्या काकूंनी हात धरला. आधी बॅटरी फुगली आहे का ते बघ, म्हणाल्या. उतरलेल्या बॅटरीतलं आम्ल पातळ होऊन जवळपास पाण्यासारखं होतं, त्यामुळे ती गोठू शकते, आणि गोठलेल्या बॅटरीला जंप दिला तर ती फुटू शकते. आमची खरंच फुगली होती. आता थंडी सुरू व्हायच्या आधीच मी बॅटरी तपासून घेते.

त्याच दिवशी कूलंटबद्दलचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाबद्दलचा, गैरसमजही गेला. निव्वळ कूलंट भरलं की जास्त सुरक्षित, असं मला वाटायचं. पण त्यातला मुख्य घटक, शुद्ध इथिलीन ग्लायकॉल, उणे १३च्या आसपासच गोठतं. निम्मं पाणी मिसळलं की ते उणे ३७पर्यंत टिकतं.

* * *

काचेवर गरम पाणी ओतू नका. मी ओतलं. या कडेपासून त्या कडेपर्यंत तडा गेला.

* * *

पुलाबद्दल लिहायलाच हवं. त्या दिवशी गाडीतलं तापमान शून्याच्या वर २ दाखवत होतं, म्हणून मी निर्धास्त होतो. पण ते हवेचं तापमान. रस्ता त्याहून थंड असू शकतो, आणि पुलाला तर वरून आणि खालून दोन्हीकडून गार वारा लागतो, म्हणून तो जमिनीवरच्या रस्त्याआधी गोठतो. पुलावर चढलो आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागलं, जणू चाकं रस्त्याला टेकलेलीच नाहीत. ब्रेक मारायची अनावर इच्छा झाली, पण मारला नाही. अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, नजर कठड्यावरून हटवून जिथे जायचंय तिथे लावली आणि स्टिअरिंग अलगद तिकडे वळवलं. दोन-तीन सेकंदांत चाकांनी पकड घेतली. माणूस जिकडे बघतो तिकडेच हात वळतात, म्हणून कठड्याकडे बघायचं नाही.

तेव्हापासून पुढच्या गाडीच्या चाकांकडे लक्ष असतं. रस्ता ओला दिसतोय पण चाकांमधून तुषार उडत नाहीत, तर तो पाण्याचा ओलावा नाही, बर्फ आहे. शून्याच्या आसपासचा बर्फ कडाक्याच्या थंडीतल्या बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो, हेही ध्यानात ठेवा. क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) बंद. पुढच्या गाडीपासून ८ ते १० सेकंदांचं अंतर.

* * *

याला जोडून एक. माझी गाडी चारही चाकांना ताकद देणारी आहे. बर्फातून ती इतकी सहज निघते, की थांबेलही तशीच असं वाटायला लागतं. थांबताना तिचे टायर आणि इतरांचे टायर सारखेच.

* * *

लहान मुलं असलेल्यांसाठी: जाड जॅकेट घालून मुलाला कारसीटमध्ये बसवू नका. पट्टा घट्ट वाटतो, पण धक्का बसला की जॅकेटमधली हवा दबते आणि पट्टा सैल पडतो. आम्ही जॅकेट काढून, पट्टा आवळून, वरून पांघरूण घालतो. मुलगी रडते थोडी. चालतं.

* * *

महामार्गावर हिमवादळात सहा तास अडकलो होतो, मी आणि आई. पायी निघावं असं दोनदा मनात आलं, पण दहा पावलांवरचं दिसत नव्हतं, म्हणून गाडीतच थांबलो. इंजिन तासाला दहाच मिनिटं चालवायचो. दर वेळी चालू करण्याआधी मी उतरून सायलेन्सरच्या तोंडाचा बर्फ हातांनी काढायचो, कारण ते बुजलं तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो आणि त्याला ना रंग ना वास. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवली होती. डिकीत एकच ब्लँकेट होतं, ते आईला दिलं. आता डिकीत दोन ब्लँकेटं, छोटं फावडं, टॉर्च आणि चाकांखाली टाकायला वाळूची पिशवी असते. बर्फ हटवणारी गाडी मध्यरात्रीनंतर आली. निघताना टाकी पाऊण भरलेली होती, म्हणून तोवर तग धरला. आता हिवाळ्यात ती निम्म्याखाली जाऊच देत नाही, आणि आई गाडीत बसली की आधी काट्याकडे बघते.