डॉन ह्युइट नेमके कोण: दिग्दर्शक, निर्माते की कार्यकारी निर्माते?

शेवटची_हेडलाइन:
टीव्ही बातम्यांवर टिपण लिहितेय. सीबीएस या अमेरिकन वाहिनीच्या डॉन ह्युइट यांच्या नावापुढे कुठे दिग्दर्शक, कुठे निर्माता, कुठे कार्यकारी निर्माता असं लागलेलं दिसतं. तिन्ही कामांत फरक काय? आणि संगणक नसताना बोलणाऱ्याचं नाव पडद्यावर आणायचे कसे?

पीसीआर:
तिन्ही बरोबर आहेत, फक्त काळ वेगळे. 1948 मध्ये ते सीबीएसमध्ये आले आणि डग्लस एडवर्ड्स यांच्या बातमीपत्राचे दिग्दर्शक झाले. कुठल्या क्षणी कुठला कॅमेरा हवेत जाणार, हे दिग्दर्शक सांगतो. बातमी कोणती आणि ती कशी मांडायची, हे निर्माता ठरवतो. काय जाईल आणि काय थांबेल, हा शेवटचा शब्द कार्यकारी निर्मात्याचा.

26 सप्टेंबर 1960 ची शिकागोतली केनेडी-निक्सन चर्चा, म्हणजे अमेरिकी अध्यक्षपदाच्या दोन उमेदवारांचा टीव्हीवरचा वादविवाद, त्यांनीच दिग्दर्शित केली. कृष्णधवल पडद्यावर रंग नसतात, फक्त उजेडाच्या पायऱ्या असतात. निक्सन यांचा राखाडी सूट मागच्या फिक्या भिंतीत मिसळून गेला, केनेडींचा गडद सूट उठून दिसला. म्हणून पार्श्वभूमी आणि कपडे कॅमेऱ्यातूनच तपासायचे, नुसत्या डोळ्यांनी नाही.

1963 मध्ये वॉल्टर क्रॉंकाइट यांचं बातमीपत्र 15 मिनिटांवरून 30 वर गेलं, तेव्हा ह्युइट त्याचे कार्यकारी निर्माते होते. पुढे सीबीएस न्यूजचे तेव्हाचे प्रमुख फ्रेड फ्रेंडली यांनी त्यांना तिथून हलवून माहितीपटांकडे धाडलं. माझ्या मते खरी कलाटणी तीच. एकाच विषयावरचा तासभराचा माहितीपट फार लोक बघत नसत. ह्युइटनी तोच तास निरनिराळ्या गोष्टींत वाटला आणि 24 सप्टेंबर 1968 ला ‘60 मिनिट्स’ हा कार्यक्रम सुरू झाला. 2004 पर्यंत ते त्याचे कार्यकारी निर्माते होते.

जुनी_रीळ:
नावाच्या पट्टीबद्दल. 1952 चं शिकागोतलं पक्ष अधिवेशन. ह्युइटना एका खानावळीत पदार्थांची नावं लावलेला काळा फलक दिसला: खाचांत बसवायची पांढरी अक्षरं. तो त्यांनी विकतच घेतला. एक कॅमेरा फलकावर, दुसरा माणसावर, आणि दोन्ही चित्रं एकावर एक. काळा भाग दिसत नाही, पांढरी अक्षरं तेवढी उरतात. गोची एवढीच की अक्षरं पांढऱ्या शर्टावर आली की गायब. शिवाय फलकावरचा कॅमेरा जरा हलला तरी नाव पडद्यावर डोलतं.

दोन प्रोजेक्टरची पद्धतही त्यांच्याच नावावर सांगतात. 16 मिमी फिल्मवर प्रकाशमुद्रित (फिल्मच्या कडेला छापलेला) आवाज चित्राच्या 26 फ्रेम पुढे असतो, म्हणजे सेकंदाला 24 फ्रेमच्या वेगाने सेकंदाहून थोडा जास्त. त्यामुळे चित्रावर काटेकोर कापलं तर बाइटच्या (कुणाच्या बोलण्याच्या तुकड्याच्या) सुरुवातीला ओठ हलतात आणि आवाज मागच्या वाक्याचा येतो. दुसऱ्या प्रोजेक्टरवर घटनास्थळाची दृश्यं चालवून तो सेकंद झाकायचा.

शेवटची_हेडलाइन:
आज मराठी वाहिनीवर निर्मात्याच्या खुर्चीत बसणाऱ्याने यातलं काय घ्यावं?

पीसीआर:
कान. प्रेक्षकाला डोळ्यांपेक्षा कान धरून ठेवतो, असं ह्युइट मानत. पॅकेज, म्हणजे दृश्यं आणि निवेदन जोडून तयार केलेली बातमी, आधी चित्र न बघता ऐका. नुसतं ऐकून गोष्ट कळली नाही, तर स्क्रिप्ट परत पाठवा. नवी दृश्यं लावून ती सुधारत नाही.

दुसरं, रनडाऊन, म्हणजे बातम्यांचा क्रम आणि वेळ लिहिलेली यादी, उलटा मोजा. बुलेटिन 7:30:00 ला संपतंय, शेवटचं संगीत 20 सेकंद, हेडलाइन्स 40 सेकंद, तर हेडलाइन्स 7:29:00 ला सुरू व्हायलाच हव्यात. 50 सेकंद जास्त होत असतील, तर अँकरला ‘पटपट वाच’ असं टॉकबॅकवर (त्याच्या कानातल्या यंत्रावर) सांगू नका. तो अडखळतो आणि आणखी वेळ जातो. तेवढ्या लांबीची एक बातमी शेवटच्या ब्रेकआधीच काढा.

जुनी_रीळ:
आणि अॅस्टन, म्हणजे पडद्यावरची नावाची पट्टी, बघताना देवनागरीचे उकार तपासा. पट्टी टिकरला (खाली सरकणाऱ्या बातम्यांच्या ओळीला) चिकटली की खालचा उकार कापला जातो. ‘कुलकर्णी’चं ‘कलकर्णी’ होतं.